बिनकाट्याचा निवडुंग : लागवड व निगा

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी पुष्कळजण परळ, लालबाग, दादर व गिरगाव या भागांत राहतात. परंतु त्यांची जमीन घाटावर, बहुधा कोरडवाहू टापूत असते, व ती भाऊबंद पाहतात. गिरण्यांच्या काळापासून ही रीत चालत आली आहे. गिरण्या गेल्या, जमीन मात्र राहिली. अशा सभासदांना उन्हाळ्यात गावाहून निरोप येतो तो बहुधा चाऱ्यासंबंधीच असतो. पाऊस बुडाला म्हणजे माणसांसाठी धान्य कोठून तरी येते. जनावरांचा कडबा मात्र पैसे देऊनही मिळेनासा होतो. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात म्हसवड येथे २०१२-१३ व पुन्हा २०१९ साली जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या, हे पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. पहिल्या वेळी आमच्या बंधूंनी घरची खिल्लार गाय छावणीत नेण्यापूर्वीच विकली. दावणीचा रिकामा खुंटा पाहिल्यावर प्रस्तुत लेखकास या विषयाचा नाद लागला. त्यातून जे शिकावयास मिळाले ते येथे पाठरूपाने देत आहे.

ओळख

आपल्याकडे निवडुंग या एकाच नावाखाली निरनिराळी झाडे मोडतात. शेर, त्रिधारी निवडुंग व वईचा निवडुंग यांचे खोड तोडले असता पांढरा चीक निघतो. हा चीक डोळ्यांस अपायकारक असून जनावरांच्या पोटातही जाता कामा नये. ज्याच्याविषयी हा लेख आहे तो फड्या निवडुंग होय. त्याचे चपटे, हिरवे फडे एकावर एक उगवतात, व कापला असता चीक न निघता बुळबुळीत पाणी निघते. ही परीक्षा प्रत्येकाने स्वतः करून पाहावी आणि चिकाचे झाड चाऱ्यासाठी कधीही घेऊ नये.

फड्या निवडुंगातही काट्याचा व बिनकाट्याचा असे दोन प्रकार आहेत. पूर्वीच्या दुष्काळांत, विशेषतः १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात, काट्याचे फडे आगीवर भाजून, काटे जाळून जनावरांस घालीत असत. बिनकाट्याच्या जातीत हा खटाटोप वाचतो. तथापि तिच्या डोळ्यांवरही केसासारखी बारीक कुसे असू शकतात. म्हणून हात लावताना जाड कापड किंवा हातमोजे वापरावे व लहान मुलांस दूर ठेवावे.

पूर्वपीठिका

हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. १७९५ साली कॅप्टन नील्सन यांनी किरमिजी रंगाच्या आशेने ब्राझीलमधून कोचिनील किडे कलकत्त्यास आणले. ते अस्सल रंगाच्या जातीचे नव्हते. त्यामुळे रंगाचा धंदा बसला. किड्यांनी मात्र एका जातीचा निवडुंग खाऊन फस्त केला. पुढे दुसऱ्या काटेरी जाती दक्षिणेत इतक्या माजल्या की पिकाऊ जमिनी अडून गेल्या, आणि १९२६ साली सिलोनातून याच वर्गातील निराळा किडा मुद्दाम आणून सोडावा लागला. त्याने थोड्याच वर्षांत मोठमोठे टापू मोकळे केले. ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, तोच किडा आज बिनकाट्याच्या निवडुंगाचाही वैरी आहे. त्याविषयी पुढे येईल.

पाण्यावाचून कसे जगते

बहुतेक झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडून हवा घेतात. त्या वेळी त्यांचे पाणी उन्हात उडून जाते. निवडुंग ही छिद्रे रात्री उघडतो, हवेतील कार्बन वायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतो आणि दिवसा दारे लावून घेऊन त्या साठ्यावर अन्न तयार करतो. शिवाय अंगावर मेणाचा थर असतो, व मुळे जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली असल्याने हलकी सरदेखील ती टिपून घेतात. येवढ्यावरून निगेचे पहिले सूत्र निघते : या झाडास तहान मारीत नाही, साचलेले पाणी मारते.

मुंबईच्या सज्ज्यातील रोपवाटिका

मुंबईत वर्षाकाठी २,००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व तो बहुतेक चार महिन्यांत. माणदेशात सुमारे ५०० मिलीमीटर किंवा त्याहूनही कमी पडतो. तेव्हा जे झाड तेथे आपोआप तगेल, ते येथे जपावे लागते. प्रस्तुत लेखकाने पहिल्या खेपेस ऐन ज्येष्ठात पाच फडे ताजे कापलेले तसेच डब्यांत रोवले व तुळशीप्रमाणे रोज पाणी घातले. पंधरा दिवसांत पाचही फडे बुंध्याशी काळे पडून कुजले. चूक सर्वस्वी आमची होती. ती टाळण्याची रीत येणेप्रमाणे :

१. काळ. लागवड दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण ओसरल्यावर करावी, म्हणजे पुढील पावसापूर्वी मुळे पक्की होतात.

२. बेणे. एक वर्षाचा, निरोगी, डाग नसलेला फडा सांध्यावर धारदार सुरीने कापावा. तो सावलीत, वारा लागेल अशा जागी तीन ते चार आठवडे सुकत ठेवावा. कापलेल्या जागी कोरडी खपली धरल्याखेरीज मातीत घालू नये. फडा किंचित सुरकुतला तरी भिण्याचे कारण नाही.

३. भांडे व माती. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा किंवा मातीची कुंडी चालते. तळास चार-पाच भोके पाडून त्यांवर खापऱ्या ठेवाव्या. एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचा चुरा व अर्धा भाग जुने कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. मुठीत दाबले असता गोळा न होता सुटून पडेल, ती माती योग्य समजावी.

४. रोवणी. कापलेली बाजू खाली करून फड्याचा एक-तृतीयांश भाग मातीत जाईल असा उभा रोवावा व दगडांचा टेकू द्यावा. पहिले दहा-बारा दिवस पाणी मुळीच घालू नये. नंतर माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच, म्हणजे हिवाळ्यात पंधरा दिवसांनी व उन्हाळ्यात आठवड्याने, एकदा भरपूर घालावे. भांड्याखाली बशी ठेवू नये. तीत पाणी साचून मुळे कुजतात व डासही होतात.

५. ऊन. दिवसास निदान पाच तास ऊन हवे. गिरगावच्या अरुंद गल्ल्यांतील सज्ज्यांना ते क्वचितच मिळते. तेथे शेजाऱ्यांच्या संमतीने गच्चीवर जागा पाहावी. उन्हावाचून फडे लांबट, पातळ व फिके होतात. कुंडी कठड्यावर किंवा रस्त्याच्या बाजूस टांगून ठेवू नये.

६. पावसाळा. मृगापूर्वीच कुंड्या पागोळ्यांपासून व झोडीपासून दूर, पण उजेड येईल अशा जागी, विटांवर उचलून ठेवाव्या. आषाढ-श्रावणात पाणी बंद. बुंधा मऊ लागल्यास वरचा निरोगी फडा त्वरित कापून सुकवावा. झाड गेले तरी बेणे वाचते.

हिशेब

महसुली खात्यात आयुष्य गेल्यामुळे आकड्यांवाचून समाधान होत नाही. म्हणून थोडा हिशेब देतो. एका फड्यापासून वर्षास दोनच नवे फडे धरले, तर पाच कुंड्यांतून दहा फडे गावी पाठविता येतील. दुसऱ्या वर्षी कुंड्यांतून दहा व गावच्या दहा झाडांपासून वीस मिळून तेथे चाळीस झाडे होतील. तिसऱ्या वर्षी कुंड्यांतून आणखी दहा व त्या चाळीसांपासून ऐंशी, म्हणजे एकूण एकशेतीस. दोन मीटर अंतराच्या ओळींत एकेक मीटरावर झाड लावल्यास गुंठ्यास पन्नास झाडे बसतात. म्हणजे अडीच गुंठ्यांहून अधिक लागवड विकत बेण्यावाचून होते. बेणे पाठविण्यास पोत्यात घालून एस. टी. ने नेणे पुरते. सुकलेला फडा प्रवासात बिघडत नाही.

माळावरील लागवड

सात-बाराच्या उताऱ्यावर जी जमीन पोटखराबा म्हणून लिहिलेली असते, तीतील मुरमाड उताराची जागा या पिकास चालते. काळी, पाणी धरणारी जमीन मात्र टाळावी. उतारास आडव्या ओळी आखून मातीचा हलका उंचवटा करावा व त्यावर फडे रोवावे. माणासारख्या कमी पावसाच्या टापूत उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या थोडे आधी, लावणी करण्यास हरकत नाही. पहिल्या वर्षी गवत काढावे व झाडापाठीमागे एक-दोन पाट्या शेणखत द्यावे. गुरे-शेळ्यांपासून कुंपण हे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण काटे नसल्याने कोवळे झाड जनावरे बुडासकट खातात.

कीड

फड्यावर कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे ठिपके दिसले व चिरडल्यावर तांबडा रंग निघाला, तर तो कोचिनील किडा समजावा. मोरोक्को देशात २०१४ पासून या किड्याने निवडुंगाचे मळेच्या मळे उजाड केले. प्रारंभी असतानाच जुन्या ब्रशाने साबणाच्या पाण्यात पुंजके घासून काढावे. फार पसरल्यास तो फडा कापून जाळावा किंवा खोल पुरावा. दर आठवड्यास प्रत्येक फड्याची दोन्ही अंगे पाहण्याची सवय ठेवावी. किडीचे बेणे एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ नये.

चारा म्हणून उपयोग

फड्यात दहांपैकी सुमारे नऊ भाग पाणी असते. म्हणजे दहा किलो फडे घातले तर जनावरास नऊ किलो पाणी व जेमतेम एक किलो कोरडा चारा मिळतो. त्यात प्रथिने थोडी व तंतुमय भागही थोडा. म्हणून निवडुंगावर एकट्यावर जनावर जगत नाही, उलट त्यास हगवण लागते. फडे बोटभर रुंदीचे काप करून कडब्याच्या किंवा भुसकटाच्या कुट्टीत मिसळावे व थोडी पेंड द्यावी. प्रारंभ एक-दोन किलोंनी करून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. देशी गाईस दिवसास दहा-पंधरा किलो व शेळीस एक-दोन किलो यापुढे न जाणे बरे.

दोन गाईंस रोज वीस किलो धरल्यास साठ दिवसांस बाराशे किलो लागतात. वाढलेल्या झाडाचे वर्षास पाचच किलो कापले असे कमीत कमी मानले, तरी गुंठ्यास अडीचशे किलो होतात. म्हणजे पाच गुंठे लागवड वैशाख-ज्येष्ठाची भर घालण्यास पुरते. कापताना मूळ फडा व त्यावरील पहिला थर राखावा. तो कापल्यास पुढील वर्षाचे मुद्दल गेले असे समजावे.

सावधगिरी

बियांपासून आलेल्या रोपांस पुन्हा काटे येऊ शकतात. सबब लागवड फड्यानेच करावी. छाटलेले फडे ओढ्यात, डोंगरावर किंवा गायरानात टाकू नयेत. टाकलेला फडा रुजतो, व आपल्या आजोबांच्या काळची काटेरी रानांची आपत्ती पुन्हा ओढवेल. बेणे शक्यतो संशोधन संस्थांकडून घ्यावे. झाशीची कुरणे व चारा संशोधन संस्था, जोधपूरची काझरी व उरुळी कांचनची बायफ यांनी या पिकावर काम केले आहे.

समारोप

या झाडाने दुष्काळ टळत नाही, व कडब्याची गंजी रचण्याचे कामही सुटत नाही. परंतु ज्या दिवशी विहीर आटते त्या दिवशी बांधावर पाणी व चारा एकाच ठिकाणी उभा असतो, येवढे खरे. आमच्या बंधूंकडे सध्या सव्वा गुंठा लागवड आहे. त्याच्या भरवशावर त्यांनी गेल्या वर्षी पुन्हा एक कालवड बांधली. परळ-लालबागच्या सभासदांपैकी ज्यांच्या सज्ज्यात पाच डब्यांपुरती जागा आहे, त्यांनी येत्या दिवाळीनंतर आरंभ करावा. पाच डब्यांत दहांहून अधिक फडे आल्यास अधिकाचे फडे शेजारच्या सभासदास द्यावे, अशी विनंती आहे.