मेंदूतल्या वाटा सरकतात तेव्हा

वाङ्मय मंडळाच्या अंकात मेंदूची शस्त्रक्रिया कशाला, असं तुम्ही विचाराल. मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी. पण हा विषय वाचत गेले आणि तो थेट आपल्या भाषेपाशी येऊन पोचला.

मेंदूत मज्जातंतूंच्या जुड्या असतात. एक जुडी हातापायांना हुकूम पोचवते. दुसरी कमानीसारखी वळून कपाळामागचा भाग कानाजवळच्या भागाशी जोडते. बोलण्यासाठी ती फार महत्त्वाची. गाठ अशा जुडीला खेटून वाढली की सर्जनपुढे पेच पडतो. कमी काढावं तर गाठ उरते, जास्त काढावं तर हात लुळा पडण्याची किंवा वाचा जाण्याची भीती.

म्हणून आधी एमआरआय काढतात. पाण्याचे कण तंतूंना आडवे जाण्यापेक्षा त्यांच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात. त्यावरून संगणक जुड्यांचा नकाशा तयार करतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तो सर्जनला पडद्यावर दिसतो.

खरी गंमत कवटी उघडल्यावर सुरू होते. आपला मेंदू द्रवात तरंगत असतो; सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू त्यात जेमतेम ५० ग्रॅम भरतो. द्रव वाहून गेला की तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. सूज असली तर उलट वर येतो. शिवाय घट्ट लागलेल्या दह्यातून चमचाभर काढलं की कडेचं दही हळूच खड्ड्याकडे कलतं ना, तसंच गाठ काढल्यावर होतं. नकाशा मात्र जुन्याच जागा दाखवत राहतो.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या क्रिस्टोफर निम्स्की आणि सहकाऱ्यांनी ३७ रुग्णांमध्ये हे मोजलं. २००५ मध्ये त्यांनी लिहिलं की जुड्या कुठे ८ मिलिमीटर आत, तर कुठे १५ मिलिमीटर बाहेर सरकल्या. म्हणजे दिशासुद्धा ठरलेली नाही! आधीच हिशेब करून ठेवायची सोयच नाही.

मग उपाय काय? शस्त्रक्रिया चालू असतानाच नवं चित्र घ्यायचं. त्या वेळी एमआरआय करणं फार खर्चिक. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये डॉ. अलीअसगर मोयादी आणि त्यांचे सहकारी यासाठी त्रिमितीय सोनोग्राफी वापरतात. गाठीचा उरलेला भाग तिच्यात कळतो.

पण वाचा शाबूत आहे का, हे रुग्णच सांगू शकतो. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. त्यामुळे डोक्याची त्वचा बधिर करून, रुग्णाला जागं ठेवून, चित्रं ओळखायला सांगतात आणि मेंदूला सौम्य वीजप्रवाह देतात. शब्द अडखळला की सर्जन थांबतो.

कोणत्या भाषेतला शब्द? १९७८ मध्ये ओजेमान आणि व्हिटकर यांना दुभाषिक रुग्णांत असं आढळलं की काही जागी प्रवाह दिल्यावर एक भाषा जास्त अडते, दुसरी कमी. आपण बडोद्याची माणसं घरी मराठी, बाजारात गुजराती, कॉलेजात इंग्रजी बोलतो. एकाच भाषेत तपासलं तर दुसरी सुरक्षित आहे हे कसं कळणार?

तेव्हा घरात कुणावर अशी वेळ आलीच, तर औषधांच्या यादीबरोबर हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा: आमचा माणूस कोणकोणत्या भाषा बोलतो, आणि कुणाशी.