कोरफडीचा गर: खाज का सुटते?

प्रश्न : कुंडीतल्या कोरफडीचा गर चेहऱ्याला लावला की खाज सुटते. शिवाय ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल घालूनही आठवड्यात वास येतो. असं का?

उत्तर : पान कापल्यावर सालीलगतचा पिवळा, कडू चीक गळतो. खाज बहुधा त्याचीच. कापलेलं टोक खाली करून पान वाटीत पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवा, धुवा, साल जाडसर काढा आणि फक्त पारदर्शक गर घ्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. तरीही खाजलं तर कोरफडीचा नाद सोडा.

गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच, म्हणजे जंतूंची चंगळ! कॅप्सूलमुळे तेल लवकर खवट होत नाही, पण जंतू मरत नाहीत. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्याहून जास्त हवा तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.