मांजात अडकलेली घार

प्रश्न : संक्रांतीत सिद्धेश्वर तलावाजवळ मांजात अडकलेली घार दिसली. अशा वेळी पाणी पाजावे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : चोचीत पाणी मुळीच ओतू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते. पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. मांजा ओढूही नका, कातडी आणि स्नायू फाटतात. झाडाकडचा दोरा कात्रीने कापा, पंखात रुतलेला पशुवैद्यांवर सोडा. घारीची नखे चोचीहून घातक, म्हणून आधी अंगावर जाड टॉवेल टाका. मग भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि लगेच वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. घरी पाळू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरीही तो विकला जातो याचा मला संताप येतो. विकणारा दिसला तर पोलिसांना सांगाच.