पॉज दाबायला शीक, बाई

अगं, सिग्नल्सची अख्खी प्लेलिस्ट बघून झाली, तरी एक गणित सुटत नाही म्हणून रडकुंडीला आलीयस ना? आधी डोळे पूस. तुझ्या डोक्यात काही खोट नाही. शिकवणारा चांगला असला की आपण नुसत्या माना डोलावत बसतो, आणि व्हिडिओ संपला की वाटतं, ‘हात्तिच्या, एवढंच!’ पण ते कळलेलं असतं त्याला. तुझं कळणं तू पॉज दाबतेस तिथून सुरू होतं.

म्हणजे कसं, बघ. सर म्हणाले की टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेतो. थांबव तिथेच. सॅम्पलिंगचा नियम तुला पाठ आहे: सिग्नलमधली जी सगळ्यात वरची फ्रीक्वेन्सी, तिच्या दुपटीहून जास्त नमुने घ्यायचे. ३४०० ची दुप्पट ६८००. मग प्रत्यक्षात सेकंदाला ८००० नमुने का घेतात? कारण फिल्टर काही सुरीने कापल्यासारखा आवाज तोडत नाही, त्याला थोडी मोकळी जागा लागते. प्रत्येक नमुन्याला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. आता व्हिडिओ सुरू कर. सर फळ्यावर ६४ केबीपीएस लिहितील तेव्हा तो आकडा तुझाही असेल. तासाच्या व्हिडिओला असे दोन तास गेले तर जाऊ देत. रात्री बारानंतर दुप्पट वेगाने ‘उरकणं’ मात्र बंद. परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या उजळणीला ते ठीक, फूरिएला नाही.

दुसरं म्हणजे, एकच गुरू धर. पाच चॅनल, पाच चिन्हपद्धती, आणि डोक्याचा भुगा! आयआयटी आणि आयआयएससीने २००३ मध्ये सुरू केलेलं एनपीटेल आहे, ते आपल्या सिलॅबसला जवळचं पडतं. एमआयटीच्या ॲलन ओपनहाइम यांची सिग्नल्स अँड सिस्टिम्सची व्याख्यानं १९८७ मध्ये चित्रित झाली, तीही ओपनकोर्सवेअरवर फुकट आहेत. चित्र जुनाट आहे म्हणून नाक मुरडू नकोस. सॅम्पलिंगच्या नियमामागचा नायक्विस्टचा पेपर १९२८ चा, शॅननचा १९४८ चा. पाया तोच आहे. ग्रँट सँडरसनचं फूरिएवरचं ॲनिमेशन बघ, जरूर बघ. चित्र डोळ्यांसमोर उभं राहायला त्याच्यासारखा माणूस नाही. पण पेपरात ॲनिमेशन काढायचं नसतं, इंटिग्रल सोडवायचं असतं.

इंग्रजीची धास्ती वाटते म्हणालीस. सबटायटल लाव, लिखित पाठ मिळत असेल तर आधी तो वाच, मग व्हिडिओ. आणि वहीत मराठीतून लिही, लाजू नकोस. कन्व्होल्यूशन हा शब्द तसाच ठेव, बाकी वाक्य आपलं.

आता माझी लाडकी गोष्ट. रिचर्ड हॅमिंग बेल लॅब्समध्ये होता. शनिवार-रविवारी मशिनवर काम लावून जायचा आणि सोमवारी बघावं तर मध्येच चूक सापडली म्हणून मशिनने ते काम सोडून दिलेलं. तो वैतागला: चूक आहे हे मशिनला कळतं, तर कुठे आहे हे का कळू नये? त्यातून निघालेला कोड त्याने १९५० मध्ये छापला. हा व्हिडिओत बघायचा नाही, हाताने करायचा.

पाठवायचे चार बिट आहेत १०११. सात जागा आख. जागा १, २ आणि ४ तपासनिसांच्या. उरलेल्या ३, ५, ६, ७ मध्ये आपले १, ०, १, १. पहिला तपासनीस १, ३, ५, ७ बघतो, दुसरा २, ३, ६, ७, आणि चौथ्या जागेवरचा ४, ५, ६, ७. प्रत्येकाच्या गटात १ ची संख्या सम झाली पाहिजे. भरून बघ, ०११००११ येतं. आता वाटेत सहावा बिट बिघडला, पोचलं ०११०००१. पहिला गट सम, ठीक. दुसरा विषम. चौथा विषम. तक्रार करणाऱ्यांच्या जागांची बेरीज कर: २ अधिक ४. सहा! चुकीचा पत्ता चुकीनेच सांगितला. हे पहिल्यांदा जुळतं ना, तेव्हा खोलीत एकटीच हसशील. मात्र दोन बिट एकदम बिघडले तर हाच हिशेब तुला बिनदिक्कत भलता पत्ता देईल. का, ते तूच शोध.

एक गंमत सांगते. तुझ्या हॉस्टेलच्या वायफायवर लेक्चर अडकून चक्र फिरत राहतं ना, तोही याच विषयाचा धडा आहे. रेकॉर्डेड व्हिडिओत वाटेत हरवलेलं डेटाचं पाकीट पुन्हा मागवता येतं, म्हणून तो थांबतो पण सहसा काही गाळत नाही. माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तेवढी सवड नसते. तिथे हरवलेला शब्द बहुधा हरवतोच. चिडण्याऐवजी यावर विचार कर. आणि लेक्चर डाउनलोड करून ठेव.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर नोंदणी कर, पण त्याच्या मागे लागू नकोस. एनपीटेलमध्ये असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. उत्तरं ग्रुपवरून उतरवणाऱ्यांचं पितळ परीक्षेच्या हॉलमध्ये उघडं पडतं. क्रेडिट मिळतील का, ते आधी कॉलेजात विचारून घे.

बाकी रविवारी बोलू. तोवर हे घे: १००१०१०. सातातला एक बिट बिघडलाय. कुठला, ते व्हिडिओ न बघता मला कळव.