कमरेच्या मणक्यांना स्क्रू : दोन की चार?

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ पत्नीची फाईल घेऊन आले. बाईंचे वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपासून कंबर दुखते, चालले की पायात कळा येतात, पाच मिनिटांत खाली बसावे लागते. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकला आहे आणि नस दबली आहे, असे तपासणीत निघाले. ऑपरेशन लागेल यावर दोन्ही सर्जनांचे एकमत. मात्र एकाने चार स्क्रू सांगितले, तर दुसऱ्याने दोनांत भागेल असे म्हटले. ‘डॉक्टर, यातले खरे कोणाचे? आणि दोन स्क्रूंनी खर्च वाचत असेल तर चार कशाला?’ असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न अनेक घरांत पडतो, म्हणून आज त्याविषयी.

स्क्रू कशासाठी?

कमरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. गादी झिजली किंवा मणका सरकला की तो सांधा डळमळू लागतो. औषधे व व्यायाम यांनी गुण आला नाही तर ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडतात. गादी काढून त्या जागी ‘केज’ नावाची पोकळ ठोकळी बसवतात आणि तिच्या आत व भोवती हाडाचा चुरा भरतात. पुढे तेथे नवे हाड तयार होऊन दोन मणक्यांचा एक होतो. यास सहा महिने ते एक वर्ष लागते.

तोवर मणके हलू नयेत म्हणून स्क्रू असतात. स्लॅब ओतल्यावर तो पक्का होईपर्यंत खाली टेकू देतात, तसेच हे. खरे बळ स्लॅबचे, टेकू तात्पुरता. हाड जुळलेच नाही, तर उत्तमातला उत्तम स्क्रूही कालांतराने सैल होतो किंवा तुटतो. फरक एवढाच की हा टेकू सहसा काढत नाहीत. तो शरीरातच राहतो.

पूर्वी यासाठी पाठीवर लांब छेद घेऊन स्नायू बाजूला सोलावे लागत. आता लहान छेदांतून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत स्क्रू बसवता येतात. रक्त कमी जाते, स्नायू वाचतात आणि रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी चालू लागतो.

चार पद्धती

1. दोन्ही बाजूंचे पेडिकल स्क्रू : मणक्याच्या पुढच्या व मागच्या भागाला जोडणारा हाडाचा देठ म्हणजे पेडिकल. त्यातून स्क्रू घालण्याची पद्धत फ्रान्सचे डॉ. रॉय-कॅमिल यांनी 1963 साली सुरू केली. आता आधी बारीक तार आत नेतात आणि तिच्यावरून पोकळ स्क्रू सरकवतात. दोन मणक्यांना मिळून चार स्क्रू आणि त्यांना जोडणाऱ्या दोन दांड्या लागतात. सर्वांत भक्कम पद्धत हीच. मात्र देठाला लागूनच नस जाते, त्यामुळे स्क्रूची दिशा चुकली तर नसेला इजा होऊ शकते. शिवाय वरच्या निरोगी सांध्याला धक्का लागण्याचा संभव असतो.

2. एकाच बाजूचे पेडिकल स्क्रू : दोन स्क्रू आणि एक दांडी. वेळ, रक्तस्राव व खर्च कमी. एकच सांधा जोडायचा असेल, हाडे मजबूत असतील आणि मणका फारसा डळमळत नसेल तर ही पद्धत चालते. परंतु कंबर पिळली जाते तेव्हा तिचा आधार कमी पडतो आणि केज जागेवरून सरकण्याची भीती अधिक असते.

3. सांध्यातून जाणारे स्क्रू : मणक्यांच्या मागील बाजूस दोन छोटे सांधे असतात. त्यांतूनच आरपार स्क्रू घालण्याचा प्रयोग अमेरिकेत डॉ. किंग यांनी 1944 साली मांडला. पुढे स्वित्झर्लंडचे डॉ. मागेर्ल यांनी 1984 मध्ये त्यात सुधारणा केली. यात दोनच स्क्रू लागतात, दांडी नाही. पण हे सांधे शाबूत हवेत. मणका सरकला असेल किंवा नस मोकळी करताना सांधा कापावा लागणार असेल, तर ही पद्धत उपयोगी नाही.

4. कडक कवचातून जाणारे स्क्रू : ही पद्धत 2009 पासून पुढे आली. हाडाचा गाभा भुसभुशीत व कवच कडक असते. म्हणून हे स्क्रू खालून वर आणि आतून बाहेर, असे कवच धरून तिरपे घालतात. मऊ मातीपेक्षा मुरमात खुंटी घट्ट बसते, तसाच हा प्रकार. म्हणून हाडे ठिसूळ झालेल्यांसाठी याचा विचार होतो. हाडे जुळण्याचे प्रमाण पहिल्या पद्धतीच्या जवळपास येते. मात्र दीर्घकाळाचा अनुभव पहिल्या पद्धतीचाच जास्त आहे.

मग निवड कशी करावी?

त्या बाईंचा मणका सरकलेला होता, म्हणून तिसरी पद्धत बाद. मणका वाकताना हलत होता आणि हाडांच्या घनतेची तपासणी केल्यावर हाडे विरळ निघाली, म्हणून दोन स्क्रूंचा मार्गही धोक्याचा. चार स्क्रूंचा सल्ला योग्य होता. ते पहिल्या पद्धतीने घालायचे की चौथ्या, हे सर्जनचा हात कशात बसला आहे यावर सोडावे. हेच दुखणे चाळिशीतल्या, मजबूत हाडांच्या आणि मणका न हलणाऱ्या माणसाला असते, तर दुसऱ्या डॉक्टरांचे दोन स्क्रूही चुकीचे ठरले नसते.

तेव्हा डॉक्टरांना चार गोष्टी जरूर विचाराव्यात : माझा मणका किती हलतो? माझी हाडे कशी आहेत? आपण कोणती पद्धत नेहमी करता? आणि ऑपरेशन टाळून आणखी काही करता येईल का?

रुग्णाच्या हातात काय?

तंबाखू, विडी व मिश्री बंद करणे, हे सर्वांत मोठे काम. निकोटिनमुळे हाड जुळण्यास अडथळा येतो. मधुमेह आटोक्यात ठेवावा. ऑपरेशननंतर रोज चालावे. मात्र डॉक्टर सांगेपर्यंत कमरेतून वाकणे आणि हंडे-पोती उचलणे टाळावे.

एक इशारा. बहुतेक कंबरदुखी ऑपरेशनशिवाय बरी होते, म्हणून घाई नको. परंतु लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही झाले तर एक दिवसही वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.