परसांतील अंजीर

एरंडोलसारख्या गांवीं न्हाणीचें पाणी परसांत जातेंच. त्यावर अंजिराचीं एकदोन झाडें कोणासही वाढवितां येतील. मात्र वसंतांत हात आवरला पाहिजे. पुरंदर तालुक्यांत अंजिराचा मीठा बहार ह्याच दिवसांत उतरतो. फळ वाढत असतां पाण्यांत खंड पडल्यास तें गळतें. उलट पिकूं लागल्यावर पाणी भरपूर दिलें तर तें फुटतें व बेचव होतें. म्हणून मोरी थेट आळ्यांत सोडूं नये, असें आमचें मत आहे. शिवाय आपली काळी जमीन पाणी धरते, त्यानें मुळ्या कुजतात. खड्ड्यांत मुरूम व शेणखत मिसळून झाड उंचवट्यावर लावावें.

कलमासाठीं अंगठ्याएवढी जाड, पक्व फांदी वीतभर कापून घ्यावी. तिचा चीक अंगास लागल्यास आग होते, मुलांस जपावें. नव्या रोपावर वैशाखांत पऱ्हाट्यांची सावली करावी. पुणेरी अंजिरास परागसिंचन लागत नाहीं, त्यामुळें एकटें झाडही फळतें.

पावसाळ्यांतील खट्टा बहार तांबेऱ्यानें बिघडतो, फळही गोड नसतें. त्याचा लोभ आम्हीं धरीत नाहीं. फळ नव्या फुटीवर येतें, तेव्हां मीठ्या बहारासाठीं छाटणी पाऊस सरतां, आश्विनाच्या सुमारास करावी.