खिडकीतून दिसणारे झाड

एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे (१ राजे, अध्याय १९). ईजबेल राणीच्या भीतीने तो पळाला, दिवसभर चालून रानात आला आणि एका झुडपाखाली बसून परमेश्वराकडे मरण मागू लागला. परमेश्वराने त्याला आधी बोल लावला नाही की उपदेश केला नाही. झुडपाच्या सावलीत त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. होरेब डोंगरावरची भेट त्यानंतरची. प्रभू येशूही पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जात असे, आणि दमलेल्या शिष्यांना त्याने गर्दीतून बाजूला नेले, असे संत मार्क सांगतो.

झाडाच्या सावलीचा शरीराला काय उपयोग होतो, हे डॉक्टर मंडळींनीही तपासले आहे. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाचे १९७२ ते १९८१ या काळातील कागद पाहिले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर काहींच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. वय वगैरे बाबतींत सारख्या असलेल्या २३ जोड्या त्याने लावल्या. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि वेदनेवरची जालीम औषधेही त्यांना कमी लागली. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण थोडेच होते हे खरे, पण खिडकीला पैसा पडत नाही!

२०१९ साली इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यात निदान १२० मिनिटे बागेत, रानात वा समुद्रकिनारी घालवणाऱ्यांपैकी अधिक लोकांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे सांगितले. ही दोन तास एकदम असोत की थोडी थोडी, फरक पडला नाही. अर्थात, जो आजारी आहे तो मुळात बाहेरच कमी पडतो, तेव्हा सारे श्रेय झाडांना देणे बरोबर नाही. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी बंद करून वाडीत फिरायला जावे, असा अर्थ तर कोणी मुळीच काढू नये.

मुलांच्या बाबतीत मात्र पुरावा अधिक भक्कम आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटे जादा बाहेर ठेवले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते, तर इतर शाळांतील मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते (२०१५). बाहेरचा लख्ख उजेड वाढत्या डोळ्याला हितकारक असतो, असे तज्ज्ञ मानतात. आपली मुले शाळेतून क्लासला, क्लासवरून मोबाइलला. अंगणात खेळणाऱ्या मुलाला आपणच हाक मारून आत घेतो आणि मग चष्म्याचा नंबर का वाढला म्हणून विचारतो.

आणि आपले म्हातारे? वसईतल्या जुन्या घराला ओटा होता. आजी ओट्यावर बसून जपमाळ करायची, समोर केळी, माड, बावखल, येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा. वाडी गेली, बावखल बुजले, इमारत उभी राहिली, आणि आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा पलंग बहुतेक घरांत मागच्या खोलीत असतो. पाहुण्यांना दिसू नये, म्हणूनही तो तिथे असतो, हे कबूल करायला हवे. जमिनी का विकल्या, हा वाद इथे नको. पण पलंग खिडकीपाशी सरकवायला कोणाची परवानगी लागत नाही.

असीसीच्या संत फ्रान्सिसने सृष्टीचे स्तोत्र रचले ते १२२५ च्या सुमारास, सान दामियानोला आजारी पडलेला असताना. डोळ्यांच्या विकाराने त्याला उजेड सहन होत नव्हता, तरी सूर्याला त्याने भाऊ म्हटले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकाचे नाव याच स्तोत्रातून घेतले.

आपल्या लघु ख्रिस्ती समूहाच्या पुढच्या बैठकीत एवढेच पाहावे: आपल्या गल्लीत कोण कोण महिनोन् महिने घराबाहेर पडलेले नाही? कोणाला चाकाच्या खुर्चीवरून सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर चर्चच्या आवारातील झाडाखाली आणता येईल? जिना उतरवायला दोन तरुण लागतील. ज्यांना खाली आणणे शक्यच नाही, त्यांच्या खिडकीत तुळशीची वा मोगऱ्याची कुंडी ठेवता येईल. पाणी घालायचे काम त्यांच्या नातवंडांकडे द्यावे.